‘मूनस्टोन’ कादंबरींतील दोन समुद्रतीरें

विल्की कॉलिन्स (१८२४–१८८९) ह्या इंग्रज ग्रंथकाराची ‘दि मूनस्टोन’ ही कादंबरी डिकन्सच्या ‘ऑल दि इयर राउंड’ ह्या साप्ताहिकांत इ. स. १८६८ च्या ४ जानेवारीपासून ८ ऑगस्टपर्यंत क्रमशः प्रसिद्ध झाली. इंग्रजी गुप्तपोलिसी कादंबऱ्यांत तिला आद्य स्थान देण्याची वहिवाट आहे. त्या वादाचा निकाल साहित्यशास्त्र्यांनीं करावा. आमच्या कामाचा भाग निराळा आहे. श्रीरंगपट्टण पडलें त्या दिवशीं, म्हणजे ४ मे १७९९ रोजीं, लुटींत गेलेला एक हिरा यॉर्कशायरच्या समुद्रकांठच्या वाड्यांत पोंचतो, तेथून एका रात्रींत नाहींसा होतो आणि अखेर सोमनाथास परत येतो, असें हें कथानक. तेव्हां ग्रंथांत समुद्रतीरें दोन आहेत. एक ग्रंथकाराच्या स्वदेशांतील, दुसरें त्यानें कधींच न पाहिलेलें. हिंदुस्थानाच्या इतिहासासाठीं अशा ग्रंथांवर कितपत विसंबावें, ह्याचा विचार करण्यास हीं दोन तीरें चांगलीं उपयोगी पडतात.

समुद्रकांठ कॉलिन्सच्या लेखनांत प्रथमपासूनच आहे. १८५० च्या उन्हाळ्यांत त्यानें कॉर्नवॉल प्रांत पायीं हिंडून पाहिला व दुसऱ्या वर्षी त्या प्रवासाचें पुस्तक काढलें. ‘बेसिल’ (१८५२) ह्या कादंबरीचा शेवट त्याच प्रांतांतील कड्यांवर होतो. ‘दि वुमन इन व्हाइट’ ही कादंबरी तो १८५९ त केंट परगण्यांतील ब्रॉडस्टेअर्स ह्या किनाऱ्यावरील गांवीं राहून लिहीत होता. ‘नो नेम’ (१८६२) मध्यें सफोकच्या किनाऱ्यावरील ऑल्डबरा गांव आहे. तें त्यानें आदल्या वर्षी पाहिलें होतें. त्याच वर्षी तो यॉर्कशायरांत व्हिटबी येथेंही जाऊन आला.

‘मूनस्टोन’मधील यॉर्कशायरची ‘थरथरती वाळू’ मात्र कल्पित आहे. त्या प्रांताच्या नकाशावर ह्या नांवाची जागा नाहीं. खडकाच्या दोन सोंडा समुद्रांत शिरल्या आहेत, त्यांच्यामध्यें माणूस गिळून टाकणारी वाळू, आणि भरती-ओहोटीच्या संधीस तिचा पृष्ठभाग कांपूं लागतो, इतकेंच वर्णन. पण ह्या कल्पित जागेचा उपयोग ग्रंथकारानें किती काटेकोरपणें केला आहे पाहा. रोझॅना नांवाची मोलकरीण रंगाचा डाग लागलेला रात्रीचा झगा पत्र्याच्या डब्यांत घालून, साखळीनें बांधून, त्या वाळूंत सोडते व पुढें स्वतः तेथेंच जीव देते. तिच्या मागें राहिलेल्या पत्रांत खूण लिहिली आहे : दक्षिणेकडील सोंडेवर उभें राहावें, तेथील दीपस्तंभ आणि कोळीवाड्यावरील तटरक्षकांच्या चौकीची ध्वजकाठी एका ओळींत आणावीं, त्या रोखानें खडकावर काठी ठेवावी आणि तिच्या कडेनें शेवाळांत हात फिरवून साखळी शोधावी. आमच्या जुन्या सनदांतील चतुःसीमा वाचलेल्या मनुष्यास ही भाषा ओळखीची वाटेल. ओहोटी साधून ती वस्तु बाहेर काढणाऱ्या फ्रँक्लिन ब्लेकला झग्यावर नांव सांपडतें तें त्याचें स्वतःचेंच ! १८६० सालच्या रोड गांवच्या खुनाच्या तपासांतही एका हरवलेल्या झग्याचा मोठा बोभाटा झाला होता. तो पुरावा कॉलिन्सनें समुद्रकांठीं आणला. वाळू लपवते आणि जपूनही ठेवते. दफ्तराचेंच काम तें.

येथें ग्रंथकाराच्या स्वतःच्या साक्षीविषयीं सांगितलें पाहिजे. हा ग्रंथ चालू असतांना मार्च १८६८ त त्याची आई वारली. तो स्वतः संधिवातानें अंथरुणास खिळला होता व अफूचा अर्क घेत होता. १८७१ च्या प्रस्तावनेंत तो म्हणतो कीं, मिस क्लॅकच्या निवेदनाचा भाग आपण अंथरुणांतून तोंडीं सांगून लिहविला. परंतु हस्तलिखित उपलब्ध आहे, आणि त्यांत दुसऱ्याच्या हातचीं पानें फारच थोडीं आहेत. दुखणें खोटें होतें असें ह्यावरून कोणी म्हणूं नये. पण तीन वर्षांनीं लिहिलेली प्रस्तावना व समकालीन कागद ह्यांत विरोध आला असतां कागदच प्रमाण धरावा.

आतां सोमनाथ. १८४२ त लॉर्ड एलेनबरोनें गझनीहून ‘सोमनाथाचे दरवाजे’ आणविल्याचा गाजावाजा केला, पुढील वर्षी पार्लमेंटांत त्यावर कडाक्याचा वाद झाला, आणि अखेर ते दरवाजे सोमनाथाचे नव्हेतच असें ठरलें. इंग्रज वाचकास हें नांव परिचित होण्यास हें एक मोठें कारण झालें असावें. कॉलिन्सनें तेथें मृगावर बसलेल्या चतुर्भुज चंद्रदेवाची मूर्ति कल्पिली व तिच्या कपाळीं हिरा बसविला. चंद्राचें वाहन मृग, इतकें ठीक. पण सोमनाथ म्हणजे सोमाचा नाथ, शिव. तेथें लिंगाची पूजा. षष्ठीतत्पुरुष न कळल्यानें देवच बदलला. रत्नाच्या नांवाचीही तीच गत : आमच्या कवींचा चंद्रकांत चांदण्यांत पाझरतो, हा तर पिवळा हिरा. मात्र त्याचें तेज चंद्राबरोबर वाढतें-घटतें असें जें म्हटलें आहे, तें वाचून दक्षशापानें क्षीण झालेल्या सोमाची प्रभासतीर्थाची कथा कोणासही आठवेल. ती महाभारताच्या शल्यपर्वांत आहे.

कांहीं गोष्टी मात्र अचूक उतरल्या आहेत. शेवटच्या प्रसंगांत तीन नद्यांचा संगम व पलीकडे निश्चल समुद्र वर्णिला आहे. प्रभासपाटणास हिरण, कपिला व सरस्वती ह्यांचा संगम आहेच. हिऱ्यासाठीं समुद्र ओलांडून गेलेले तीन ब्राह्मण तेथें प्रायश्चित्त घेऊन कायमचे एकमेकांपासून दूर होतात, ह्यासही आधार आहे. बौधायनानें समुद्रसंयान पतनीयांत गणलें आहे. चूक आहे ती टेकडीची. तेथें टेकडी नाहीं, देवस्थान सपाट किनाऱ्यालगत आहे.

हा शेवटचा प्रसंग १८५० सालचा दाखविला आहे. त्या काळीं प्रभासपाटणास जुनें देवालय भग्न अवस्थेंत होतें. त्याच्या जवळच अहल्याबाई होळकरांनीं १७८३ त बांधविलेलें देवालय होतें व त्यांत शिवाची पूजा चालूं होती. कादंबरींतील हजारों यात्रेकरूंपैकीं एकाचीही नजर त्याकडे गेलेली नाहीं.