चोराची घंटा आणि टेलिफोनची तार

आज एका तारेची गोष्ट ऐकू या. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरात ती कधी आलीच नसेल. लँडलाइनची तार. ब्रिटनमध्ये ही जुनी तांब्याची लाइन आता कायमची बंद होतेय. त्यात काय एवढं, असं वाटेल. पण तिथल्या अनेक घरांचा चोर-अलार्म याच तारेवर बोलतो, आणि घराचा विमा त्या अलार्मच्या भरवशावर असतो.

पण आधी थोडं मागे जाऊ. आपल्याला वाटतं, आधी टेलिफोन आला आणि मग त्याला अलार्म जोडला. झालं उलटंच!

१८५३ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ऑगस्टस पोप नावाच्या पाद्र्याने विजेवर चालणाऱ्या चोर-घंटेचं पेटंट घेतलं. दार-खिडकी उघडली की वीजमंडल पूर्ण व्हायचं, विद्युतचुंबक काम करायचा आणि घंटेवर टोले पडायचे. १८५७ मध्ये एडविन होम्सने हे हक्क विकत घेतले. पुढे त्याच्या लक्षात आलं, की घंटा घरातच वाजून उपयोग काय? मालक बाहेरगावी असेल तर ऐकणार कोण? म्हणून होम्सच्या कंपनीने बँका आणि दुकानांपासून आपल्या कचेरीपर्यंत तारा ओढल्या. इकडे दार उघडलं की तिकडे बसलेल्या माणसाला कळणार.

आणि १८७७ मध्ये बॉस्टनमध्ये गंमत झाली. टेलिफोन तेव्हा नवाकोरा, बेलला पेटंट मिळून वर्षच झालेलं. होम्सच्या तारा मात्र शहरभर आधीच पसरलेल्या. मग त्याच तारांवर टेलिफोन जोडले. दिवसा बोलणं, रात्री राखण! जगातल्या अगदी पहिल्या टेलिफोन एक्स्चेंजपैकी एक असं चोर-अलार्मच्या कचेरीत सुरू झालं.

विसाव्या शतकात टेलिफोन घरोघरी पोचला आणि चित्र पालटलं. आता अलार्मच टेलिफोनच्या लाइनवर पाहुणा म्हणून राहू लागला. घरफोडी झाली की भिंतीवरची पेटी लाइन ताब्यात घ्यायची, कंट्रोल रूमला नंबर लावायची आणि ठरावीक सुरांत निरोप द्यायची. दिवे गेले तरी हे चालायचं, कारण तांब्याच्या लाइनला वीज एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांकडून मिळते. पेटीला फक्त स्वतःची छोटी बॅटरी पुरायची.

विमा कंपन्यांना हे आवडलं. ब्रिटनमध्ये घरात महागड्या वस्तू असतील तर अनेक कंपन्या अटी घालतात: अलार्म मान्यताप्राप्त माणसाकडून बसवलेला हवा, त्याची नियमित देखभाल हवी, आणि काही पॉलिसींत त्याचा निरोप कंट्रोल रूमपर्यंत पोचायला हवा. म्हणजे विमा कंपनी घंटेच्या आवाजावर खूश नसते. ‘ऐकतंय कोण?’ हा होम्सचाच प्रश्न ती विचारते.

आता नेमकी तीच वाट बंद होतेय. सप्टेंबर २०२३ पासून ब्रिटनमध्ये जुन्या लाइनची नवी जोडणी विकणं थांबलं. संपूर्ण बंदची तारीख आधी डिसेंबर २०२५ होती, ती जानेवारी २०२७ वर गेली. तारीख पुढे ढकलण्यामागे एक गंभीर कारण होतं. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या गळ्यात मदतीचं बटण असतं, तेही याच लाइनवर चालायचं. लाइन बदलल्यावर काहींची बटणं चाललीच नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांना सक्तीचे बदल थांबवावे लागले.

चोर-अलार्मचंही तसंच. नव्या लाइनवर आवाज इंटरनेटमधून जातो. त्यात जुन्या पेटीचे सूर बिघडू शकतात आणि राउटरला घरातली वीज लागते. दिवे गेले की राउटर बंद, निरोपही बंद. फसवी गोष्ट अशी, की पेटीवरचा दिवा लुकलुकतच राहू शकतो. भोंगाही वाजेल. फक्त पलीकडे कुणालाच काही कळणार नाही.

मग चोरी झाली तर? ब्रिटनच्या २०१५ च्या विमा कायद्याने ग्राहकाला थोडं संरक्षण दिलंय. मोडलेल्या अटीमुळे त्या नुकसानीचा धोका वाढलाच नसता, तर तेवढ्यावरून दावा नाकारता येत नाही. पुरात घर बुडालं, तर अलार्म मुका होता हे कारण चालणार नाही. पण घरफोडी झाली, तर पहिला प्रश्न तोच येणार!

उपाय तसा सोपा आहे. बहुतेक वेळा सगळा अलार्म काढावा लागत नाही. निरोप पाठवणारा भाग बदलतात. एक वाट इंटरनेटची, दुसरी मोबाइल सिमची. एक तुटली तरी दुसरी चालू. तेव्हा तिकडे घर घेतलेली ताई किंवा दादा असेल, तर आजच मेसेज करा: पॉलिसीतली अलार्मची अट वाचा, विमा कंपनीला काय चालतं ते लेखी विचारा, आणि बदल झाल्यावर कंट्रोल रूमला खरोखर सिग्नल पोचतो का, ते तपासून घ्या.

पावणेदोनशे वर्षांत तारा आल्या, तारा गेल्या. घंटा मात्र तेव्हाच कामाची, जेव्हा ती ऐकायला कुणीतरी असतं.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!