निंबोळी अर्काची म्युनिचवारी

शिंदखेड्याकडची मिरची. हिवाळ्यात पान वरून नुसतं पिवळसर दिसतं, म्हणून माणूस फसतो. उलटवून पाहावं तर खाली पिठासारखा थर. ही भुरी, बुरशीचा रोग. पुढे पानं गळायला लागतात.

आपल्याकडे निंबोळी अर्क म्हटलं की आधी मावा आणि अळी आठवते, बुरशी नंतर. रीत साधीच. 5 किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर भिजत घालायच्या, सकाळी फडक्यातून पिळायच्या, 200 ग्रॅम साबणाचं पाणी घालून 100 लिटर करायचं. साबण हवाच, नाहीतर तेल पाण्यात मिसळत नाही. हाताचा कडूपणा मात्र जेवणापर्यंत पुरतो. किडीला नडतं ते मुख्यतः अझाडिरॅक्टिन. भुरीला आवरतं ते तेल. बुरशीच्या बीजाणूंना ते पानावर रुजू देत नाही.

नेमक्या या तेलाने बुरशी आवरण्याच्या रीतीवर 1994 साली युरोपीय पेटंट कार्यालयाने हक्क देऊन टाकला! अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी म्हणे तिचे शोधकर्ते. पुढच्याच वर्षी पर्यावरण कार्यकर्त्या वंदना शिवा, युरोपीय संसदेतल्या माग्दा आल्वूट आणि सेंद्रिय शेतीची जागतिक संघटना आयफोम यांनी हरकत घेतली.

आजीबाईच्या बटव्याने हा खटला जिंकला, असं सांगायला आपल्याला आवडतं. पण पेटंट कार्यालयाच्या म्युनिचमधल्या सुनावणीत वजन पडलं ते अभय फडके या भारतीय उद्योजकाच्या साक्षीचं. 1985 आणि 1986 च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर निंबाच्या अर्काच्या चाचण्या झाल्या होत्या, पेटंटच्या अर्जाच्या कितीतरी आधी. कुठं, कधी, काय फवारलं, एवढं सांगता आलं आणि पेटंटचा नवेपणा गळून पडला. खटला युरोपात होता हेही नशीबच. तिथं जगात कुठंही उघडपणे झालेला वापर धरतात. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यात परदेशातला वापर छापील नसेल तर जमेस धरत नसत.

10 मे 2000 रोजी पेटंट रद्द झालं. अपील 8 मार्च 2005 ला फेटाळलं गेलं.

इकडे मिरचीवर तेल मारायचं ते ऊन उतरल्यावर. आणि भुरीसाठी आधी गंधक मारलं असेल, तर दोन आठवडे पंप टेकवून ठेवायचा. गंधकावर तेल पडलं की पान करपतं.