झेरॉक्सवाल्यांच्या गप्पा



बँकेत खातं काढायला गेलं की साहेब पहिलं म्हणतात, "आधारची झेरॉक्स आणा." झेरॉक्स हे खरं म्हणजे एका अमेरिकन कंपनीचं नाव. पण आपल्याकडे मशीन कुणाचंही असो, दुकानाच्या पाटीवर झेरॉक्सच लिहिलेलं असतं. या कंपनीत मशीन दुरुस्त करणाऱ्या कामगारांचा एक इतिहास आहे. तो आपल्या गटांच्या कामाशी फार जुळतो, म्हणून आज तोच सांगायचं आम्ही ठरवलं.

चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमध्ये अशी पहिली कोरडी नक्कल काढली. १९५९ साली ९१४ नावाचं मशीन बाजारात आलं आणि कचेऱ्या-कचेऱ्यांत पोचलं. मशीन आलं तसे बिघाडही आले. गावोगावच्या कचेऱ्यांत जाऊन ते दुरुस्त करणारे कामगार कंपनीने नेमले आणि त्यांच्या हातात दुरुस्तीची पुस्तकं दिली. मशीनवर अमुक आकडा दिसला तर अमुक भाग तपासा, मग तमुक. आकडा एक आणि बिघाड भलताच, असं झालं की पुस्तकाचा उपयोग संपला.

मग हे लोक काम निभवायचे कसे? १९८० च्या दशकात ज्युलियन ऑर नावाचे अभ्यासक त्यांच्याबरोबर फिरले. त्यांनी स्वतः आधी दुरुस्तीचं काम केलेलं होतं. त्यांना दिसलं की खरं शिकणं चालतं ते नाश्त्याच्या आणि जेवणाच्या टेबलावर. "काल त्या मशीनने मला असं छळलं," एकजण सांगतो. दुसरा म्हणतो, "माझ्याकडे तसंच झालं होतं, पण कारण वेगळंच निघालं." अशा गोष्टीला गोष्ट जोडता जोडता बिघाड सापडायचा. ऑर यांचं पुस्तक १९९६ साली आलं. बाहेरून बघणाऱ्याला हे वेळ घालवणंच वाटणार. आपली बैठक भरली की "बसल्या बायका गप्पा मारत" म्हणणारे घरोघरी आहेतच!

पुढे काही कामगारांना एकमेकांशी बोलायला रेडिओ दिले. कुणी अडला की तिथूनच विचारायचा. नवखे नुसते ऐकत ऐकत शिकायचे. पण बोललेलं हवेत विरतं. म्हणून १९९० च्या दशकात युरेका नावाची व्यवस्था उभी राहिली. सुरुवात फ्रान्समध्ये झाली. तिथे मिनिटेल नावाचं, टेलिफोनच्या तारेवर चालणारं, पडदा असलेलं छोटं यंत्र आधीच घरोघरी होतं. कामगाराने आपली युक्ती त्यावर पाठवायची, त्या मशीनचे जाणकार ती तपासणार, आणि खरी ठरली तरच ती सगळ्यांना दिसणार.

यातली एक गोष्ट आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते. युक्तीमागे पैसे द्यावेत असा विचार निघाला, तर कामगारांनीच तो नाकारला. पैसे ठेवले की लोक ढिगाने युक्त्या टाकतील, चांगल्या-वाईटाची पारख राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याऐवजी युक्तीखाली सांगणाऱ्याचं नाव राहिलं. चांगली युक्ती सांगणाऱ्याला दूरच्या गावचे, कधी न भेटलेले सोबतीही नावाने ओळखू लागले.

आता आपल्या व्हॉट्सॲपच्या ग्रुपकडे बघा. निरोप झटकन जातो, हप्त्याची तारीख कळते, बाजारात पापडाला काय भाव चाललाय तेही कळतं. हे नाकारून चालणार नाही. पण सकाळपासून फुलांचे फोटो आणि कुठूनतरी आलेले व्हिडिओ इतके, की कामाचं खाली दबून जातं. आणि नाव? आमच्या एका गटात एका काकूंनी ज्वारीला कीड लागू नये म्हणून कोठीत कडुलिंबाचा पाला कधी आणि किती वाळवून घालायचा ते बैठकीत सांगितलं. चार दिवसांनी तेच ग्रुपवर दुसऱ्याच ताईच्या नावाने फिरलं, वाहवाही तिलाच मिळाली. काकूंकडे फोन नाही. घरात एकच, तो मालकांच्या खिशात. सुनेने वाचून दाखवलं तेव्हा त्यांना कळलं. त्या भांडल्या नाहीत, पण पुढच्या तीन बैठकांत एक शब्द बोलल्या नाहीत. तीन बैठका त्यांच्याजवळचं काय काय आपल्याला मिळालं नाही, याचा हिशेब कुठल्या वहीत मांडायचा?

त्यानंतर ग्रामसंघात बोलणं झालं. थोडी कुरकुरही झाली, "एवढ्याशा गोष्टीला काय नाव लावायचं" म्हणून. शेवटी ठरलं की ठरावाच्या वहीमागे एक वेगळी वही ठेवायची. बैठकीत कुणी उपाय सांगितला की तो लिहायचा, खाली सांगणारीचं नाव. दुसऱ्या कुणी करून पाहिला की दुसऱ्या ओळीत तिचं नाव. दोन्ही नावं झाली की सीआरपी ताई पानाचा फोटो ग्रुपवर टाकतात. ग्रुपवर आलेलं कामाचं काही असेल तर ते बैठकीत मोठ्याने वाचायचं, म्हणजे फोन नसलेल्या मागे राहत नाहीत.

पहिल्या पानावर काकूंचा कडुलिंब आहे, खाली दोन नावं. शेळीच्या पोटफुगीवरचा एक उपाय मात्र अजून एकाच नावावर अडलाय. गुरांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो करायचा नाही असं सगळ्यांनी म्हटलं, म्हणून त्याची दुसरी ओळ सध्या कोरी ठेवली आहे.