मालवणी थाळीमागची खानावळ

१) शहराची हद्द ओलांडून महामार्गाला लागावे, की ‘अस्सल मालवणी’ ही पाटी दिसू लागते. रविवारी दुपारी तिथे आपला क्रमांक येईपर्यंत थांबावे लागते. मग सुरमईची तुकडी, तिसऱ्यांचे सुके, वडे आणि सोलकढी असे ताट समोर येते. घरच्या चुलीवरची ही चव विकत कशी मिळू लागली, त्याविषयीचा हा धागा.

२) आधी ‘अस्सल’ या शब्दाविषयी. नारळ, कोकम, तिरफळ आणि भात ही कोकणची जुनी संपत्ती. मालवणी मसाल्याला लाल रंग देणारी मिरची मात्र मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि त्यांच्या व्यापारातून ती या किनाऱ्यावर रुजली. त्यापूर्वी तिखटपणासाठी भिस्त होती ती मिरीवर.

३) ही चव घराबाहेर पडण्याचे मोठे कारण म्हणजे मुंबईच्या गिरण्या. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी शहरातल्या पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली. पुढील दशकांत रत्नागिरी जिल्ह्यातून असंख्य पुरुष गिरणगावात आले. मालवण तेव्हा याच जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग जिल्हा झाला तो १९८१ मध्ये.

४) बहुतेकांची बायकामुले गावी शेती सांभाळत. इकडे चाळीतल्या एकेका खोलीत अनेक जण दाटीवाटीने राहत. पाळी संपवून आलेल्या या माणसांना शिजवून कोण वाढणार? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे खानावळ.

५) खानावळ चालवणारी बाई आपल्याच खोलीतल्या चुलीवर स्वयंपाक करी. गिरणीच्या भोंग्यावर तिचा दिवस बांधलेला असे. जेवणाचे पैसे पगार झाल्यावर मिळत. तोवर वाणसामान उधारीवर, प्रसंगी सावकाराच्या कर्जावर आणावे लागे.

६) १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन करून या स्त्रियांना संघटित केले आणि बँकांचे कर्ज मिळवून देण्यास आरंभ केला. चुलीपुढचे काम हा उद्योग आहे, हे बँकेच्या कागदावर मान्य होणे ही लहान घटना नव्हती.

७) १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पगार थांबले, तसे जेवणाचे पैसेही थकले. गिरण्या पुढे एकेक करून बंद पडल्या आणि खानावळीचे गिऱ्हाईकच विखुरले.

८) १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने धावू लागली, पर्यटन वाढले. कामगाराची गरज म्हणून शिजणारे जेवण आता सुट्टीची चैन झाले. बांगडा आणि तारली ही रोजच्या जेवणातली मासळी. पाटीवर मोठ्या अक्षरांत झळकू लागली सुरमई आणि पापलेट.

९) गिरणीमालकांची आणि पुढाऱ्यांची नावे कागदोपत्री सापडतात. खानावळीतली हिशेबाची वही मात्र अभिलेखागारात क्वचितच पोहोचते. हा इतिहास बव्हंशी स्मरणात उरला आहे आणि स्मरण माणसाबरोबर जाते.

१०) तुमच्या घरात, नात्यात कुणी खानावळ चालवली असेल, तर त्यांच्याशी बोला. किती माणसे जेवत, महिन्याला काय घेत, संपाच्या काळात उधारी कशी निभावली, हे लिहून ठेवा. नाव आणि सालासह.