चालणाऱ्यांची व धावणाऱ्यांची गुडघेदुखी

श्री संत तुकाराम महाराजांची पालखी आषाढीसाठी देहूहून पंढरपूरला जाताना बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवडी, अंथुर्णे, निमगाव केतकी या मार्गाने इंदापूरला पोहोचते. कळंब-वालचंदनगरचा परिसर याच पट्ट्यातला. वाटचालीतले काही टप्पे २० किलोमीटरहून मोठे असतात. एरवी फारसे न चालणाऱ्या अनेकांचे गुडघे अशा वेळी कुरकुरू लागतात. सिंहगड उतरणाऱ्या पुणेकराची किंवा मॅरेथॉनसाठी अचानक सराव वाढवणाऱ्या धावपटूची तक्रार याहून वेगळी नसते.

दुखण्याचे कारण
गुडघा दुखला म्हणजे तो झिजलाच, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तरुण व मध्यमवयीन व्यक्तींमध्ये बहुधा सवयीपेक्षा अधिक ताण एकाएकी पडणे हेच कारण असते. वाटीच्या मागे किंवा भोवती होणारी वेदना जिना उतरताना, उकिडवे बसताना वाढते. बाहेरच्या बाजूला दुखत असेल, तर मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत येणाऱ्या जाड पट्ट्यावर ताण आलेला असू शकतो. उतारावर शरीराचा वेग रोखण्याचे काम मांडीच्या स्नायूंना करावे लागते व वाटीवरील दाब वाढतो. म्हणूनच गड चढताना न दुखलेला गुडघा उतरताना दुखतो. हौसेपुरते नियमित धावल्याने निरोगी गुडघे झिजतात, असे मात्र आढळलेले नाही.

पूर्वतयारी
वारी किंवा मोहिमेच्या दीड-दोन महिने आधीपासून चालण्याचे अंतर हळूहळू वाढवावे. खुर्चीवर बसून पाय सरळ करून पाच सेकंद धरावा; असे प्रत्येक पायाने दहा वेळा करावे. खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्यानेही मांडीचे व नितंबाचे स्नायू बळकट होतात. पादत्राणे सवयीची असावीत. उतरताना पावले लहान टाकावीत व काठीचा आधार घ्यावा.

दुखू लागल्यास
अंतर व वेग कमी करावा. मात्र अंथरूण धरू नये. कापडात गुंडाळलेल्या बर्फाने १५ ते २० मिनिटे शेकावे. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊन चालत राहणे धोक्याचे ठरते. घामाने शरीरातील पाणी कमी झालेले असताना यातील अनेक गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. ज्येष्ठांनी तसेच मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचे विकार असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय त्या घेऊ नयेत.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?
मुरगळल्यानंतर काही तासांत सूज येणे, पायावर भार न पेलणे, गुडघा अडकणे किंवा निसटल्यासारखा वाटणे, सांधा लाल व गरम होऊन ताप येणे, एकाच पोटरीला सूज व वेदना असणे, यांपैकी काहीही आढळल्यास विलंब न करता तपासणी करून घ्यावी. साधी दुखणीही दोन-तीन आठवड्यांत न ओसरल्यास अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.