कुष्ठरोग आणि परिघीय चेता : मुंबई-रायगड परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
जासई ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात पनवेलजवळ नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे 'शांतिवन' आहे. अशा संस्थांमुळे कुष्ठरोगाचा इतिहास प्रामुख्याने समाजसेवेचा इतिहास म्हणून लिहिला जातो. प्रस्तुत लेखात तो परिघीय चेतांच्या रचनेच्या अंगाने मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

चेतेची रचना :
परिघीय चेता म्हणजे असंख्य चेतातंतूंची जुडी होय. प्रत्येक तंतूला श्वान पेशींचा आधार असतो. थिओडोर श्वान यांनी १८३९ मध्ये त्यांचे वर्णन केले. तंतूंभोवतीच्या नाजूक संयोजी ऊतकास एंडोन्यूरियम, तंतूंच्या गुच्छाभोवतीच्या घट्ट थरास पेरिन्यूरियम आणि संपूर्ण चेतेच्या बाह्य आवरणास एपिन्यूरियम म्हणतात. पेरिन्यूरियम अनेक घटकांना आत येऊ देत नाही. मात्र आत सूज आल्यास ते फारसे ताणत नाही. दाब वाढतो, रक्तपुरवठा मंदावतो आणि तंतू नष्ट होतात. संरक्षक कवचच अशा वेळी घातक ठरते.

विलगीकरणाकडून संशोधनाकडे :
हॅन्सन यांनी १८७३ मध्ये कुष्ठजंतू शोधला. मुंबईत महापालिका आयुक्त अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये माटुंगा येथे निराधार कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान सुरू झाले. १८९८ च्या कायद्याने निराधार रुग्णांच्या विलगीकरणास मान्यता दिली. तो कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. या काळात समाजाची दृष्टी रुग्णाच्या विद्रूप हातापायांवरच खिळलेली होती.

मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९५१ मध्ये आरंभीच्या चट्ट्यांचा सूक्ष्म अभ्यास प्रसिद्ध करून त्वचेतील चेतातंतूंकडे लक्ष वेधले. पुढे डॉ. नोशीर अंतिया यांनी रुग्णांच्या हातांवर व चेहऱ्यावर पुनर्रचना शस्त्रक्रिया केल्या आणि १९७५ मध्ये फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च ही संस्था स्थापन केली. डॉ. वनजा शेट्टी यांच्यासह त्यांनी परिघीय चेतेवर लिहिलेला ग्रंथ १९९७ मध्ये प्रकाशित झाला. कुष्ठजंतू श्वान पेशींमध्ये वास करतो, ही बाब आता सर्वमान्य आहे. बोटे रोगाने 'झडत' नाहीत. संवेदना गेलेल्या हाताला चटका किंवा जखम कळत नाही आणि वारंवारच्या इजांनी ती झिजतात, हे यातून स्पष्ट होते.

समारोप :
१९८३ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात बहुविध औषधोपचार आला. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर रुग्णांचे प्रमाण दहा हजारांमागे एकाहून कमी झाले. तथापि औषधाने जंतू मरतो. नष्ट झालेली चेता पूर्ववत होईलच असे नाही. म्हणूनच कोपरामागील चेता बोटांनी चाचपणे व तळहाताची संवेदना तपासणे, ही साधी तपासणी वेळीच होणे अत्यावश्यक आहे. कुष्ठरोगाकडे चेतेचा विकार म्हणून पाहिले, तरच विकलांगता टळेल आणि शतकानुशतकांचा कलंकही निराधार ठरेल.