इंदापूरची रिक्वायरमेंट : नव्या बिझनेस ॲनालिस्टसाठी एक जुनी गोष्ट

आजच्या भागाचा विषय मेसेजमधून आलेल्या प्रश्नांनी ठरवलाय. "दादा, बीएची पहिली नोकरी लागतेय, नक्की काय करायचं असतं?" "बीटेक झालंय, कोडिंगमध्ये मन लागत नाही, बिझनेस ॲनालिस्ट होऊ का?" असे प्रश्न नागापूर, बोल्हेगाव, सावेडीकडून खूप येतात. घरी "मी बीए होणार" म्हटलं की आई विचारते, अरे इंजिनिअरिंग झाल्यावर परत बीए कशाला? ती गंमत सोडा. पण हे काम नेमकं काय, हे आपल्यालाही नीट सांगता येत नाही, हे खरंय.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. बीएने लिहून दिलेल्या कागदावरून मी कोड लिहितो. त्यामुळे चांगला बीए कसा असतो, हे मला समोरच्या बाजूने दिसतं. त्याचं काम एका वाक्यात सांगतो. कामाच्या जागी खरोखर काय चालतं ते समजून घ्यायचं, आणि निर्णय घेणाऱ्याला व सिस्टीम बांधणाऱ्याला कळेल असं लिहून द्यायचं. पोस्टचं नाव नवं आहे, काम जुनं आहे. आपल्या मुलखात हे काम एकदा फार वाईट झालं आणि लगेच नंतर बरंच चांगलं झालं. त्याची गोष्ट आज सांगतो.

कर्जतच्या दक्षिणेला भीमा ओलांडली की इंदापूर तालुका लागतो. कमी पावसाचा, आपल्यासारखाच. 1818 मध्ये पेशवाई गेली आणि पुणे, नगरचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या हातात आला. कंपनीपुढे मोठा प्रश्न होता, कुठल्या शेतावर किती सारा लावायचा? जुनी दप्तरं मोडीत, प्रत्येक गावाची मापं वेगळी, बिघा इथे एक आणि तिथे दुसरा. आजच्या भाषेत सांगायचं तर जुनी सिस्टीम होती, पण तिचं डॉक्युमेंटेशन कुलकर्ण्याच्या रुमालात बांधलेलं होतं.

हे काम रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाच्या सनदी अधिकाऱ्याकडे आलं. हुशार माणूस. इंग्लंडात हेलीबरीच्या कॉलेजात शिकलेला. तिथे त्याला अर्थशास्त्र शिकवायला होता माल्थस, लोकसंख्येच्या सिद्धान्तावाला तोच. तेव्हा तिकडे रिकार्डोचा खंडाचा सिद्धान्त जोरात होता. प्रिंगलने तोच इथे लावला. प्रत्येक प्रतीच्या जमिनीत एकूण पीक किती येतं ते काढायचं, त्यातून मशागतीचा खर्च वजा करायचा, उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे 55 टक्के सरकारचे. फॉर्म्युला एकदम स्वच्छ. एक्सेलमध्ये दोन कॉलम आणि एक टक्केवारी.

1830 मध्ये हा आकार इंदापुरात लागू झाला आणि काही वर्षांतच गाडी रुळावरून घसरली. का घसरली, ते बीएने समजून घ्यायला हवं.

पहिलं कारण डेटाचं. एवढ्या शेतांचं पीक, बियाणं, बैलांचा खर्च, मजुरी मोजणार कोण? खालचे मोजणीदार आणि कारकून. त्यांच्या हातात शेतकऱ्याचा सारा कमी-जास्त करण्याची ताकद आली. तपासणी ढिली होती, लाच चालली, मोजणी चुकली, प्रतवारी चुकली. वर बसलेल्या साहेबाला मात्र आकडे दशांशापर्यंत नीट दिसत होते. दुसरं कारण, निव्वळ उत्पन्न ही गोष्ट मुळात मोजण्यासारखी नव्हती. घरच्याच बैलांनी, घरच्याच माणसांनी केलेल्या शेतीचा खर्च कुठल्या भावाने धरणार? चांगल्या पावसाचं वर्ष धरणार की दुष्काळाचं? तिसरं म्हणजे धान्याचे भाव पडले आणि आकार तसाच राहिला.

वसुलीसाठी लोकांवर जबरदस्ती झाली. माणसं घरंदारं सोडून शेजारच्या संस्थानांच्या हद्दीत निघून गेली. जमिनी पडीक पडल्या. आपण म्हणतो "रिक्वायरमेंट चुकली", म्हणजे फार तर एक स्प्रिंट वाया जातो. इथे चुकीच्या रिक्वायरमेंटने गावं ओस पडली.

आता दुसरा माणूस. हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड, जन्म 1812. म्हणजे 1835 मध्ये इंदापूरला कामाला लागला तेव्हा तेवीस वर्षांचा. पद काय, तर रेव्हेन्यू कमिशनरचा असिस्टंट. अगदी ज्युनिअर. त्याच्यासोबत लेफ्टनंट जॉर्ज विंगेट, इंजिनिअर पलटणीतला, तोही तरुण. यांना काम दिलं होतं आधीच्या सर्व्हेची दुरुस्ती करण्याचं. आपल्याकडे फ्रेशरला मिळतं तसंच, दुसऱ्याने बिघडवलेलं प्रोजेक्ट.

या दोघांनी निव्वळ उत्पन्न काढण्याचा नादच सोडला. त्यांनी प्रश्न बदलला. "या शेतातून सिद्धान्ताप्रमाणे किती मिळायला हवं?" याच्या जागी "या तालुक्यात गेल्या वीसेक वर्षांत प्रत्यक्षात काय झालं?" हे विचारलं. किती जमीन लागवडीखाली होती, आकार किती लावला, वसूल किती झाला, सूट किती द्यावी लागली, भाव काय होते. हे सगळं गावच्या आणि तालुक्याच्या दप्तरांतून काढायचं, वर्षावार एकाखाली एक मांडायचं. पुढे या पद्धतीत तर आकार, वसूल आणि लागवड यांच्या आकृत्या काढून तुलना करायची शिस्त आली. डॅशबोर्डच म्हणा की!

त्यावरून आधी गावांच्या गटाला झेपेल असा दर ठरवायचा. गट करताना पाऊसपाणी बघायचं, बाजार किती लांब आहे ते बघायचं, शेती कशी होते ते बघायचं. मग तो दर प्रत्येक शेतावर वाटायचा. वाटण्यासाठी जमिनीच्या नऊ प्रती केल्या. उत्तम जमीन सोळा आणे, मग चौदा, बारा, दहा, आठ, सहा, साडेचार, तीन आणि शेवटची दोन आणे. प्रत ठरवायला काय बघायचं? मातीचा रंग आणि पोत, आणि खोली. खोली हातात मोजायची, पावणेदोन हातापासून पाव हातापर्यंत. मग दोष बघायचे. चुनखडीचे खडे आहेत? वाळू मिसळलीय? उतार आहे? पाणी साचतं? एक दोष सापडला की प्रत एक पायरी खाली.

ही रचना बघून माझ्यातला डेव्हलपर खूश होतो. हा सरळ लुकअप टेबल आहे. यातली प्रत्येक गोष्ट खड्डा खणून, डोळ्यांनी बघून, दुसऱ्या माणसाला परत तपासता येते. प्रिंगलचा "निव्वळ नफा" कुणाला तपासता येत नव्हता. तुम्ही ॲक्सेप्टन्स क्रायटेरिया लिहाल तेव्हा हा फरक आठवा. "सिस्टीम फास्ट असावी" हे प्रिंगलचं वाक्य झालं. "पाचशे ओळींचा रिपोर्ट तीन सेकंदांत उघडावा" हे इंदापुरातल्या मातीच्या खड्ड्यासारखं, कुणीही जाऊन बघावं.

आणखी दोन गोष्टी त्यांनी केल्या. आकार तीस वर्षांसाठी पक्का केला, म्हणजे मधे कुणी विहीर खणली, बांध घातला, तर त्या सुधारणेवर सारा वाढणार नाही. आणि शेतकऱ्याला नको असलेला नंबर सोडून देता येईल अशी सोय ठेवली. दर आधीपेक्षा खाली आणले. पडीक जमीन पुन्हा लागवडीखाली यायला लागली.

वरच्यांना हे कसं पटलं असेल? कंपनी काही धर्मादाय संस्था नव्हती, तिला महसूल हवा होता, आणि हे दोघे तिचेच नोकर होते. पण पडीक शेताचा वसूल शून्य असतो. दर उतरवला की लागवड वाढते आणि हातात येणारी रक्कम खात्रीची होते, हा हिशेब कंपनीच्या फायद्याच्या भाषेत मांडता येत होता. नव्या बीएने हे शिकण्यासारखं आहे. ऑपरेटरचा त्रास तुम्हाला खरा वाटतो, चांगलं आहे. पण मॅनेजरपुढे जाताना तो त्रास तास, रुपये आणि परत आलेल्या मालाच्या संख्येत मांडा. त्याशिवाय बदल मंजूर होत नाही.

इंदापूरची पद्धत पुढे 1847 च्या जॉइंट रिपोर्टमध्ये नियमांत बांधली गेली आणि मुंबई इलाख्यात पसरली, आपल्या नगर जिल्ह्यातही आली. आज तुमच्या घरात जो सातबारा आहे, त्याच्यामागे ही मोजणी आहे. तेहतीस फुटांची साखळी, तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे 1089 चौरस फुटांचा एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. सर्व्हे नंबर म्हणजे त्या टेबलाची प्रायमरी की. पुढे 1947 च्या तुकडेबंदी कायद्यानंतर एकत्रीकरण झालं तिथे गट नंबर आले. नागापूरच्या एमआयडीसीत आज प्लॉट नंबर सांगतात, पण त्या शेडखालच्या जमिनीलाही कधीतरी शेताचा नंबर होताच. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या पोरापोरींना नोंद, फेरफार, हिस्सा, वहिवाट हे शब्द लहानपणापासून माहीत असतात. इंटरव्ह्यूत कुणी डेटा मॉडेल म्हटलं की घाबरायचं कारण नाही.

आता थोडं मागे जाऊ, कारण आपल्या नगरचं नाव यात आधीपासून आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर, मृत्यू 1626, त्याने सारा वसुलीची मक्तेदारी बंद करून जमाबंदी बसवली होती. त्याचं वर्णन असं मिळतं की आधी काही हंगाम पिकाचा वाजवी हिस्सा धान्यात घेतला, आणि त्या अनुभवावरून मग रोख रक्कम ठरवली. म्हणजे आधी हंगाम बघायचे, मग आकडा लिहायचा. गोल्डस्मिडच्या दोनशे वर्षं आधी ही अक्कल इथे होती. आणि गोल्डस्मिडने जी दप्तरं वाचली, ती लिहिणाऱ्या गावोगावच्या कुलकर्ण्यांची नावं रिपोर्टवर आली नाहीत. तुमच्या रिपोर्टमध्ये स्टोअर कीपरचं नाव, डिस्पॅच क्लार्कचं नाव, "माहिती कुणी दिली" या रकान्यात लिहा. पुढे शंका आली की कुणाला विचारायचं, तेही त्यामुळे कळतं.

इथे गोष्ट गोड संपवता आली असती, पण इतिहास पुढे चालू राहतो. तीस वर्षं संपली, 1867 मध्ये इंदापूरची फेरआकारणी झाली. मधल्या काळात अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध झालं होतं, तिकडचा कापूस बंद झाला होता, आणि आपल्याकडे कापसाबरोबर सगळेच भाव चढले होते. नवा आकार त्या तेजीच्या काळाकडे बघून बराच वाढवला गेला. मग भाव उतरले. 12 मे 1875 ला सुप्यात सावकारांची खतं जाळली गेली, आणि दंगे आपल्या जिल्ह्यातही पसरले. याला सावकारी, कर्ज, कोर्टकचेऱ्या अशी बरीच कारणं होती, एकट्या आकारणीवर खापर फोडता येणार नाही. पण पद्धत तीच असताना चुकीच्या काळाचा डेटा घेतला तर काय होतं, ते इथे दिसतं. दिवाळीच्या महिन्याची विक्री बघून वर्षाचा अंदाज बांधणारा बीए मी पाहिलाय, म्हणून सांगतो. आकड्याशेजारी तो कुठल्या काळातला आहे, हे लिहायलाच हवं.

तर पहिली नोकरी लागलेल्यांनी, किंवा शोधणाऱ्यांनी, काय करायचं? एक्सेल, एसक्यूएल, फ्लोचार्ट, यूझर स्टोरी हे शिका, ते लागतंच. इंग्रजी ईमेल लिहिता यायला हवा, तोही सरावाने येतो. पण नागापुरात राहणाऱ्यांच्या हाताशी एक गोष्ट पुण्या-बेंगळुरूच्या क्लासपेक्षा जवळ आहे, आणि ती म्हणजे एमआयडीसी. मोठ्या कंपन्यांच्या आजूबाजूला त्यांना पार्ट पुरवणारे छोटे कारखाने आहेत. ओळखीच्या काकांचं, मित्राच्या भावाचं युनिट असेल तर परवानगी घेऊन एक आठवडा जा. एक ऑर्डर आल्यापासून माल गेटबाहेर जाईपर्यंत कुठला कागद कुणाच्या हातातून जातो, ते लिहा. पर्चेस ऑर्डर, जॉब कार्ड, चलन, ई-वे बिल, गेट पास. कुठे थांबतं, किती वेळ थांबतं, गेल्या सहा महिन्यांत माल किती वेळा परत आला, ते रजिस्टरमधून काढा. दोन पानांत मांडा आणि त्या काकांनाच वाचून दाखवा. ते जिथे म्हणतील "असं नसतं रे बाबा", तिथून तुमचं शिक्षण सुरू होतं.

आणि नोकरीच्या पहिल्या महिन्यात तुम्हाला सगळे नवखे समजतात, त्याचा फायदा घ्या. नवख्याला काहीही विचारता येतं. "हे असंच का करता?" हा प्रश्न दोन वर्षांनी विचारायला जड जातो. तेव्हाच जुने तक्रारींचे ईमेल, बंद झालेली तिकिटं, मागच्या बीएचे अर्धवट कागद मागून घ्या. ते तुमचं कुलकर्ण्याचं दप्तर. फॉर्म्युला त्यानंतर.

तुमच्या आसपास असं एखादं रजिस्टर असेल, दुधाच्या डेअरीचं, सोसायटीचं, वर्कशॉपचं, तर त्यात कुठले रकाने आहेत ते आम्हाला लिहून पाठवा. चांगली पाच-सहा आली तर पुढच्या भागात त्यावरून यूझर स्टोरी कशी लिहायची ते करून बघू. भेटू मग. राम राम.